एक चाक भिरभिरतं, दुसरं ढिम्म
रायपूर-दुर्ग हायवेवरच्या चरोद्यात बोलेरो रुतायला जंगलात जावं लागत नाही. हायवे सोडून शेतरस्त्याला लागलं आणि पावसाळ्यातल्या चिकट काळ्या कन्हार मातीत मागचं एक चाक कडेवरून खाली उतरलं, की तेवढंच चाक चिखल उडवत भिरभिरतं, दुसरं ढिम्म. मग जमलेल्यांपैकी कुणीतरी सांगतोच, ‘एलएसडी बसवून घ्या, फोर बाय फोर होऊन जाईल.’

होत नाही. एलएसडीमुळे, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमुळे, पुढची चाकं ओढू लागत नाहीत. मागच्या दोन चाकांपैकी ज्याची पकड शिल्लक आहे त्याचा उपयोग होतो, एवढंच. दोन्ही मागची चाकं सारख्याच चिखलात असतील आणि टायर गुळगुळीत झाले असतील, तर एलएसडी दोघांनाही एकदम फिरवत बसेल. म्हणून खिशात मोजकेच पैसे असतील तर आधी चांगले टायर घ्यावेत, असं माझं मत आहे.

साधं डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची रचना, सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे पाठवतं, हाही असाच रुळलेला समज. खरं तर ते दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देतं. पण किती? तर घसरणारं चाक पेलेल तेवढाच. चिखलातलं चाक 200 न्यूटन-मीटर पेलत असेल, तर कोरड्यावरच्या जोडीदारालाही 200च मिळतो आणि भरलेली गाडी तेवढ्यावर हलत नाही. ॲक्सिलरेटर दाबून फक्त भिरभिर वाढते.

मग डिफरन्शियल काढूनच टाकलं तर? तसं चालणारं वाहन चरोद्याला रोज दिसतं. बीएमवाय या रेल्वे यार्डातल्या वाघिणींची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट दाबून बसवलेली असतात. रुळावर टेकणारा चाकाचा भाग किंचित उतरता असतो. वळणावर चाकजोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर आणि आतलं लहान व्यासावर चालतं, आणि दोघांनी कापायच्या अंतरातला फरक निघून जातो. वळण फार आवळलेलं असेल तर हा हिशेब जुळत नाही. रूळ किंचाळतात त्यामागे हेही एक कारण असतं. मोटारीच्या टायरला असा उतार नाही, म्हणून तिला डिफरन्शियल लागतं.

एलएसडी आणि लॉक यांतही गल्लत होते. लॉक म्हणजे काय ते धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालवणाऱ्याला शिकवावं लागत नाही: टाचेजवळचं पेडल दाबलं की दोन्ही चाकं एक होतात, आणि वळायच्या आधी ते सोडायचं. एलएसडी पूर्ण जखडत नाही. क्लच-प्लेटांच्या प्रकारात स्प्रिंगचा दाब आधीपासूनच असतो, त्यामुळे एक चाक हवेत लटकलं तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतो. प्लेटा मात्र झिजतात. टॉर्सनसारख्या गिअरवाल्या प्रकाराचं काम गुणाकाराचं. प्रमाण अडीच असेल तर घसरणाऱ्या चाकाच्या 200 ला दुसरीकडे 500 मिळतात. पण चाक हवेत गेलं की शून्याची अडीचपट शून्यच! अशा वेळी ब्रेक हलका दाबून त्या चाकाला थोडा विरोध द्यावा लागतो.

तेव्हा निवड कोणता प्रकार भारी यावरून करायची नसते, आपली गाडी कुठे अडते यावरून करायची असते. खड्ड्यात चाक उचललं जात असेल तर लॉकर हवा. 2020 च्या थारमध्ये मिळणारं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल त्याच जातीचं: कमी वेगात दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की ते आपोआप जखडतं. सैल खडी आणि चढ हाच त्रास असेल तर क्लच किंवा गिअरवालं पुरे. आणि निम्मं आयुष्य रायपूर-दुर्ग हायवेवर जाणार असेल, तर फार कडक क्लचवालं एलएसडी टाळावं. ओल्या वळणावर जोर दिला तर साध्या डिफरन्शियलवर बहुधा आतलं एकटं चाक घसरतं. कडक एलएसडीवर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडीची शेपूट बाहेर जाते. ‘एलएसडी म्हणजे जास्त सुरक्षित’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं.

‘ऑइल काय, कुठलंही चालतं,’ असं सांगणारा मिस्त्री भेटला तर गाडी परत वळवा. क्लचवाल्याला घर्षण सांभाळणारा पदार्थ घातलेलं गिअर ऑइलच लागतं. नाहीतर वळताना मागून कडकड ऐकू येते. मागच्या दोन टायरांचा घेर वेगळा असेल तर प्लेटा सरळ रस्त्यावरही घासत राहतात.

जुनी गाडी घेताना एलएसडी आहे की नाही हे बघायची घरगुती पद्धत: पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हातानं फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर बहुधा क्लचवालं एलएसडी आहे. उलट फिरलं तर साधं, किंवा प्लेटा संपलेल्या, किंवा गिअरवाला प्रकार. मात्र एकच चाक जॅकवर ठेवून, इंजिन चालू करून गिअर टाकू नका. एलएसडी असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खाली ओढतं.