थकीत प्राप्तिकर विवरणपत्र

थकीत प्राप्तिकर विवरणपत्र म्हणजे विहित मुदतीत दाखल न केलेले प्राप्तिकराचे वार्षिक विवरणपत्र होय. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ नुसार लेखापरीक्षणाची आवश्यकता नसलेल्या व्यक्तींसाठी ही मुदत सामान्यतः ३१ जुलै असे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांना जुनाच अधिनियम लागू राहतो.

ग्रामीण भागातील स्वरूप

शेतीचे उत्पन्न कलम १०(१) नुसार करमुक्त असल्याने विवरणपत्राशी आपला संबंध नाही, अशी समजूत ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड यांसारख्या तालुक्यांत आढळते. शेतीपुरती ती बरोबर आहे. आदिवासींना प्राप्तिकर लागत नाही, ही समजूत मात्र येथे चुकीची ठरते. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात असली, तरी कलम १०(२६) ची सूट मुख्यतः ईशान्य भारतातील व लडाखमधील अनुसूचित जमातींपुरती मर्यादित आहे.

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. भूसंपादन कायदा, २०१३ अन्वये मिळालेला मोबदला त्या कायद्याच्या कलम ९६ नुसार करमुक्त असतो. परंतु तो बँकेत मुदत ठेवीत ठेवल्यास त्यावरील व्याज करपात्र ठरते, आणि थकबाकीची सुरुवात बहुधा येथूनच होते. उदाहरणार्थ, ४० लाखांच्या ठेवीवर ७ टक्के दराने वर्षाला २,८०,००० रुपये व्याज मिळते. बँक त्यातून १० टक्के, म्हणजे २८,००० रुपये, उगमस्थानीच कापते. २०२१-२२ या आर्थिक वर्षात अन्य करपात्र उत्पन्न नसलेल्या शेतकऱ्याचा कर कलम ८७अ च्या सवलतीमुळे शून्य होता. म्हणजे कापलेली रक्कम त्याचीच. पण विवरणपत्राशिवाय ती परत मिळत नाही.

उपाय व मुदती

मुदत चुकल्यास कर निर्धारण वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. विलंबशुल्क कमाल ५,००० रुपये असून, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये असते. त्यानंतर कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. तीत विलंबानुसार २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. या मार्गाने परतावा मात्र मागता येत नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

परताव्यासाठी कलम ११९(२)(ब) अन्वये विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत हा अर्ज करता येतो; १ कोटीपर्यंतच्या दाव्यांवर प्रधान आयुक्त वा आयुक्त निर्णय घेतात. वरील उदाहरणातील शेतकऱ्यासाठी ही मुदत ३१ मार्च २०२८ रोजी संपते. विलंबाचे खरे कारण पुराव्यासह मांडावे लागते. आजारपणाची कागदपत्रे येथे उपयोगी पडतात. अशा परताव्यावर व्याज मिळत नाही. माफीचा आदेश झाल्यावर विवरणपत्र ऑनलाइन भरून ३० दिवसांत त्याची पडताळणी करणे आवश्यक असते.