गेलेल्याचं दुखणं आपल्या छातीत

सिंधुदुर्गातल्या मसुऱ्यात कुणी गेलं की सुतकाच्या दिवसांत खळ्यात माणसांची रीघ लागते. येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसा काय झाला?" आणि घरातला मोठा मुलगा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो. पहाटेची कळ, घाम, गाडी मिळेपर्यंत गेलेला वेळ, ओरोसचं जिल्हा रुग्णालय. ऐकणारा आपल्या माहितीतला तसाच एखादा मृत्यू सांगून उठतो. बारावं होतं, चाकरमानी मुंबईला परततात, घर रिकामं होतं. मग एका रात्री मुलाचा डावा खांदा दुखू लागतो. "बापाशीक पण अशीच कळ इल्ली. माका पण तसाच झाला तर?"

वैद्यकाने या अनुभवाची नोंद केली त्याला 80 वर्षं उलटून गेली. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली आणि 492 माणसं दगावली. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी त्या दुर्घटनेत गेलेल्यांच्या आप्तांसह 101 शोकग्रस्तांशी बोलून 1944 मध्ये निबंध लिहिला. गेलेल्या माणसाच्या अखेरच्या आजाराची लक्षणं मागे राहिलेल्यांच्या अंगात दिसतात, असं त्यांनी त्यात नोंदवलं. ही माणसं सोंग करत नव्हती. त्यांना खरंच दुखत होतं.

भीती वाटली की अॅड्रेनालिन वाढतं, नाडी जलद होते, छातीचे आणि खांद्याचे स्नायू आवळतात. श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. त्यातच मेंदूचं सगळं लक्ष छातीकडे लागलेलं असतं. एरवी ध्यानातही न येणारा एखादा जादा ठोका आता धडधडून जाणवतो. बापाच्या शेवटच्या पहाटेची उजळणी दहा दिवस झालेली असल्यामुळे त्या ठोक्याचा अर्थ मेंदूपाशी तयारच असतो.

पण "मनाचे खेळ आहेत" म्हणून कुणाला गप्प बसवणं मला धोक्याचं वाटतं. 2012 मध्ये एलिझाबेथ मोस्टोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 1,985 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या 24 तासांत झटक्याचा धोका नेहमीच्या 21 पट होता, पुढे तो दिवसागणिक उतरत गेला. एका दिवसाचा मूळ धोका फार लहान असतो, म्हणून 21 पट होऊनही बहुतेकांना काही होत नाही. तरी चालताना छाती दाटली, घाम फुटला, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. वडील किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात, भातशेतीच्या चिखलात राबलेल्या माणसाला ताप आला तर तो चिंतेच्या खात्यावर मुळीच टाकू नये. त्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्गाला चांगलाच ठाऊक आहे.

खरा पेच तपासणीनंतर सुरू होतो. ईसीजी चांगला येतो, दोन दिवस बरे जातात, मग शंका येते की यंत्रच बिघडलेलं असेल. मग कुडाळचा डॉक्टर, पुढे गोव्याला बांबोळीचं रुग्णालय. आजाराची शक्यता कमी असलेल्या रुग्णांवरच्या 14 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये निघाला. नॉर्मल रिपोर्टने त्यांची काळजी फारशी हटली नव्हती. पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरविक यांनी 1986 मध्येच कारण सांगितलं होतं. दिलासा मिळाला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेचीच सवय लागते. घरातलं बीपीचं मशीन दिवसातून दहादा बाहेर निघतं, बायकोला पुन्हा पुन्हा "बघ गो" म्हटलं जातं. त्यातून भीती पोसली जाते.

यावर उपचार आहे. ब्रिटनमध्ये पीटर टायरर यांच्या गटाने रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतले, तब्येतीच्या काळजीने ग्रासलेले 444 रुग्ण घेतले. निम्म्यांना बोधात्मक वर्तनोपचाराची मोजकी सत्रं दिली. वर्षभराने चिंता सर्वसाधारण पातळीवर आलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात जवळपास दुप्पट होतं, आणि फायदा 5 वर्षांनंतरही टिकून होता. मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की प्रशिक्षित परिचारिकांनी दिलेला उपचार सर्वात परिणामकारक ठरला. जिथे मानसोपचारतज्ज्ञासाठी गावाबाहेर जावं लागतं, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला हे शिकवता आलं तर किती घरं सावरतील!

उपचारात करायचं काय? तपासणी एकदा, एकाच डॉक्टरकडे, नीट करून घ्यायची. पुढची भेट तारखेने ठरवायची, कळ आली म्हणून जायचं नाही. बीपी किती वेळा मोजायचं ते ठरवून हळूहळू कमी करायचं. आणि भीतीने सोडलेली कामं पुन्हा धरायची. धाप लागेल म्हणून माणूस चढण टाळतो, महिनाभर बसून शरीर ढिलं पडतं, मग अंगणातही धाप लागते आणि संशय पक्का होतो. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला असेल तर मसुऱ्यातल्या भरतगडाची चढण रोज थोडी थोडी चढावी. धडधड वाढू द्यावी, थांबून ती आपोआप उतरते हे पाहावं.

झोप उडाली असेल, कामावर जाणं सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फिरवावा. ही सेवा 2022 पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.