चला, पेणचे गणपती-कारखाने पाहायला!

उद्योगाचं संग्रहालय म्हटलं की डोळ्यांपुढे येतात काचेची कपाटं, बंद पडलेली यंत्रं आणि 'हात लावू नये' अशा पाट्या. पण गावाचा जुना उद्योग चालता-बोलता पाहायचा असेल, तर मैत्रिणींनो, मुलांना घेऊन एकदा रायगड जिल्ह्यातल्या पेणला जाऊन या. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेणचं स्टेशन आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून एस.टी.नंही जाता येतं. जायचं मात्र सणाच्या तीन-चार महिने आधी, बरं का! भाद्रपदाच्या तोंडावर कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. आत शिरताना विचारून घ्यावं आणि मुलांचे हात ओल्या मूर्तीपासून दूर ठेवावेत.

पेणला आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तीचं काम वर्षभर चालतं. शाडूची माती येते गुजरातहून. ती भिजवून, आपण कणीक तिंबतो तशी मळतात. मग साच्यात दाबायची, दोन्ही भाग जोडायचे, हात-सोंड बसवायची, पाण्याच्या कुंचल्यानं सांधे गुळगुळीत करायचे आणि सावलीत सुकवायचं. मग पांढरा हात, त्यावर रंग. सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. ते काम मुरलेल्या हातांचंच. एवढा वेळ नुसती माती असलेली मूर्ती त्या दोन रेषांनी आपल्याकडे पाहू लागते!

पुढे आलं प्लास्टर. ते चटकन घट्ट होतं, वजनाला हलकं, प्रवासात कमी मोडतं आणि स्वस्तही पडतं. त्यामुळे मूर्ती दूरदूर जाऊ लागल्या, रंगकामाला, घासकामाला कितीतरी बायकांना रोजगार मिळाला. पण हे प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणून 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्याच्या मूर्तींविरुद्ध नियम केले. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या करायला आणि विकायला मुभा दिली, पण परवानगीवाचून नदी-समुद्रात विसर्जन नाही, असं बजावलं.

या ओढाताणीत कारागिराचं पोट आहे, हे आपण विसरतो. आपल्याला मूर्ती हवी शाडूची, पण भाव प्लास्टरचा! शाडूला मेहनत जास्त, पावसाळी हवेत ती लवकर सुकत नाही, हलवाहलवीत बोट, कान दुखावतो. तेव्हा आपण एवढं तरी करूया :

* मूर्तीची नोंदणी उन्हाळ्यातच करावी, म्हणजे ती उन्हाळी हवेत नीट सुकते. थोडे पैसे आगाऊ द्यावेत.
* घरच्या पूजेला लहान मूर्ती पुरते. ती उचलायलाही सोपी.
* शाडूची मूर्ती नेताना खालून पाटाला धरावं, हाताला-सोंडेला नव्हे.
* विसर्जन घरी बादलीत करता येतं. हार-फुलं, वस्त्रं आधी काढावीत. माती तळाशी बसली की वरचं पाणी ओतून टाकावं, गाळ वाळवावा आणि कारखानदार घेत असेल तर त्याला परत द्यावा. तिचीच पुन्हा मूर्ती होते.

आणि हो, येताना पेणचे पोह्याचे पापड घ्यायला विसरू नका. त्यामागेही बायकांचेच हात असतात. त्यांच्याशी मात्र घासाघीस करू नका हं!