वेब ॲप्लिकेशनमधील ऑब्जेक्टची समानता : संकल्पना, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे महाविद्यालयीन प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक व्यवहार इत्यादी कामे वेब ॲप्लिकेशनद्वारे होऊ लागली आहेत. 'ही नोंद व आधीची नोंद एकच आहे काय?' हा प्रश्न अशा कामांत संगणकास वारंवार सोडवावा लागतो. उत्तर चुकल्यास एकाच विद्यार्थिनीचे दोन अर्ज दाखल होतात, किंवा दोन विद्यार्थिनींचे अर्ज एकच समजून त्यांपैकी एकीचा अर्ज गाळला जातो. दोन संख्यांची तुलना सोपी असते. परंतु नाव, पत्ता, विषय, गुण असे अनेक घटक सामावणाऱ्या ऑब्जेक्टची तुलना तितकी सरळ नसते. प्रस्तुत लेखात जावास्क्रिप्ट व जावा या भाषांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

समानतेचे दोन अर्थ :
ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट विकसित केली. या भाषेतील तीन समान-चिन्हांची (===) काटेकोर तुलना संख्या व मजकूर यांच्या बाबतीत मूल्य तपासते. ऑब्जेक्टच्या बाबतीत मात्र दोन्ही नावे स्मृतीतील एकाच ऑब्जेक्टकडे निर्देश करतात काय, एवढेच ती पाहते. त्यामुळे नाव 'सुनीता' व गुण ७२ अशी तंतोतंत सारखी माहिती असलेले दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट असमान ठरतात. पहिल्या अर्थास ओळखीची समानता व दुसऱ्यास आशयाची समानता म्हणता येईल.

आशय तपासण्याच्या पद्धती :
१) उथळ तुलना : यात केवळ पहिल्या पातळीवरील गुणधर्म तपासले जातात. ही पद्धत जलद आहे. २०१३ साली खुल्या झालेल्या रिॲक्ट या संग्रहातील 'मेमो' सुविधा हीच पद्धत वापरते. म्हणूनच जुन्याच यादीत परस्पर बदल केल्यास तो बदल तिच्या लक्षात येत नाही व पडद्यावर जुनीच माहिती राहू शकते.

२) सखोल तुलना : यात आतील प्रत्येक घटकापर्यंत जाऊन तपासणी होते. परंतु विद्यार्थिनीच्या ऑब्जेक्टमध्ये महाविद्यालय व महाविद्यालयाच्या ऑब्जेक्टमध्ये तीच विद्यार्थिनी, असे चक्र असल्यास तपासणी संपतच नाही. त्यासाठी तपासलेल्या जोड्यांची नोंद ठेवावी लागते.

३) जेसॉन मजकुराची तुलना : दोन्ही ऑब्जेक्टचे मजकुरात रूपांतर करून ते ताडून पाहणे ही सुलभ युक्ती होय. तथापि गुणधर्मांचा क्रम बदलताच निष्कर्ष बदलतो, आणि 'अनडिफाइन्ड' मूल्याचे गुणधर्म रूपांतरात गळून पडतात.

जावा भाषेतील करार :
जावामध्ये 'इक्वल्स' ही पद्धत प्रोग्रामरने स्वतः लिहावयाची असल्यास तिने स्वसमता, सममिती, संक्रमिता व सातत्य पाळणे आवश्यक असते. 'अ' हा 'ब'शी समान असेल तर 'ब'ही 'अ'शी समान ठरला पाहिजे. तसेच समान ऑब्जेक्टचा 'हॅशकोड' समान असलाच पाहिजे. हा नियम मोडल्यास पुनरावृत्ती टाळण्यासाठीच योजलेल्या 'हॅशसेट'मध्ये एकच अर्ज दोनदा साठवला जाऊ शकतो.

मराठी मजकुराचा प्रश्न :
सखोल तुलना अचूक लिहूनही मराठी नोंदी फसवू शकतात. युनिकोडमध्ये 'ऱ' हे अक्षर एका स्वतंत्र संकेतांकाने, अथवा 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. पत्त्यातील 'कऱ्हाड' डोळ्यांना एकच दिसते. संगणकास मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून उपलब्ध असलेल्या 'नॉर्मलाइज' या पद्धतीने ही दोन रूपे एक करता येतात. परंतु 'र', हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांनी बनवलेले तिसरे रूप त्याने एकरूप होत नाही; त्यासाठी निराळा नियम करावा लागतो.

निष्कर्ष :
समानता हा ऑब्जेक्टचा अंगभूत गुण नसून कामाच्या हेतूनुसार घ्यावयाचा निर्णय आहे. अर्जदार तीच आहे काय, हे ठरविण्यास नोंदणी क्रमांक पुरेसा व योग्य असतो. अर्जात दुरुस्ती झाली काय, हे पाहण्यास सर्व घटकांची सखोल तुलना लागते. दोन्ही प्रश्नांना एकच पद्धत लावल्यास पत्ता बदललेली विद्यार्थिनी नवी अर्जदार ठरेल. म्हणून कोणते घटक तुलनेत धरावयाचे, हे आज्ञावली लिहिण्यापूर्वीच त्या कामाची जाण असलेल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांशी विचारविनिमय करून लेखी निश्चित करणे इष्ट ठरते.