ई-मेल संलग्नक : न साठविता वाचन

ई-मेलच्या मजकुराला जोडून पाठविलेल्या फाइलीला संलग्नक म्हणतात. ते संगणकावर वेगळे न साठविता ब्राउझरच्या खिडकीतच उघडून वाचता येते.

प्रारंभी ई-मेलमधून केवळ इंग्रजी मुळाक्षरांचा साधा मजकूर थेट पाठविता येई. नाथॅनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी सिद्ध केलेले ‘माइम’ हे मानक जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले व ही मर्यादा दूर झाली. या पद्धतीत फाइलीतील दर ३ बाइटांचे ४ अक्षरचिन्हांत रूपांतर करतात. त्यामुळे तिचे आकारमान सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. तिच्या शीर्षभागात तिचा प्रकार नमूद असतो. ती तेथेच दाखवावी की वेगळी ठेवावी, हेही सांगता येते. वेबवर अशीच सूचना सेवासंगणक ब्राउझरला देतो. छायाचित्रे ब्राउझर स्वतःच दाखवितो. पीडीएफ फाइल दाखविण्याची सोय क्रोममध्ये २०१० मध्ये, तर फायरफॉक्समध्ये २०१३ मध्ये अंतर्भूत झाली. शब्दसंस्करणाच्या फाइली मात्र बहुधा सेवासंगणकावर रूपांतरित होऊन दिसतात. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मराठी मजकूर त्यामुळे पुष्कळदा अवाचनीय होतो. टंक अंतर्भूत असलेल्या पीडीएफमध्ये तो शाबूत राहतो.

‘न साठविता’ हा शब्दप्रयोग पूर्णांशाने खरा नाही. दाखविलेल्या मजकुराची तात्पुरती प्रत ब्राउझर संगणकावर ठेवू शकतो. वाशिम जिल्ह्यातील रिसोड वा मानोरा यांसारख्या गावी शेतकरी सेवा केंद्राच्या संगणकावर आपली ई-मेल उघडून आधारपत्र किंवा बँकेच्या पासबुकाची प्रत पाहतो, तेव्हा या गोष्टीस महत्त्व येते. खाते उघडे राहिल्यास पुढील व्यक्तीला ती कागदपत्रे सहज पाहता येतात. खासगी खिडकीचा वापर केल्यास अशा प्रती ती बंद होताच काढून टाकल्या जातात. तथापि खात्यातून बाहेर पडणे हितावह असते.

या पद्धतीचा मुख्य लाभ सुरक्षिततेचा आहे. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा उपद्रवी प्रोग्रॅम प्रेमपत्राच्या नावाच्या संलग्नकातून आला होता व ते उघडताच तो संगणकावर चालू होई. ब्राउझर फाइल आपल्या मर्यादित कक्षेत दाखवितो, त्यामुळे असा धोका कमी होतो. परंतु दस्तऐवजातील फसव्या दुव्यांपासून संरक्षण मिळत नाही.

दुसरी मर्यादा प्रमाणीकरणाची आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळतो. ब्राउझरमध्ये स्वाक्षरीची आकृती दिसते. पण बहुतेक ब्राउझर तिची वैधता तपासत नाहीत. ती तपासण्यासाठी मूळ फाइल साठवून योग्य वाचक-प्रोग्रॅममध्ये उघडावी लागते. कागदावर छापताच ही तपासणी अशक्य होते. सारांश, वाचण्यापुरते ब्राउझरमध्ये उघडणे पुरेसे असले, तरी व्यवहारासाठी मूळ फाइल जतन करणे आवश्यक ठरते.