सहा फूट पाच इंचांची सायकल

उंच माणसाचे आपल्याकडे फार कौतुक. लग्नाच्या जाहिरातीत त्याची उंची पहिल्या ओळीत, ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेच्या मधोमध, आणि माळ्यावरचा डबा काढायचा झाला की चार बिऱ्हाडांतून त्याच्याच नावाने हाक! पण हे कौतुक करणारे जग त्याच्या मापाचे काही बनवते काय? एस.टी.च्या बाकावर त्याचे गुडघे पुढच्या उतारूच्या पाठीत. रेल्वेच्या बर्थवर त्याचे पाय येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत. तयार कपड्यांच्या दुकानात तर, "साहेब, तुम्ही शिवूनच घ्या," हे उत्तर ठरलेले. या गैरसोयी हसण्यावारी नेता येतात. विजार आखूड झाली तर लोक हसतात, एवढेच. डोंगर उतरायची सायकल आखूड झाली तर मात्र हाड मोडते. ते कसे, आणि मोडू नये म्हणून काय पाहावे, हेच मला आज सांगायचे आहे.

माझा भाचा सहा फूट पाच इंच उंच आहे, म्हणजे १९६ सेंटिमीटर. तो नोकरीनिमित्त कॅनडात, नॉर्थ व्हँकुव्हरला राहतो. त्या गावाच्या पाठीशीच फ्रोम, सीमोर आणि सायप्रस असे तीन डोंगर उभे आहेत. पावसाने ओली झालेली मुळे, निसरडे कातळ आणि सरळ खाली झेपावणाऱ्या पाऊलवाटा यांसाठी ते सायकलवाल्यांत जगप्रसिद्ध आहेत. आपल्याकडे रविवारी पोरे क्रिकेटला पळतात, तशी तिकडची पोरे सायकली घेऊन डोंगरावर पळतात. आमचे भाचेबुवाही त्यांतलेच. एका मित्राची जुनी सायकल त्यांनी स्वस्तात घेतली होती. ती पावणेसहा फुटी माणसाच्या मापाची. सीटचा दांडा शेवटच्या खुणेपर्यंत वर ओढून त्यांनी ती दोन वर्षे चालवली, आणि एका उभ्या कातळावरून उतरताना हँडलवरून पुढे पडून गळपट्टीचे हाड मोडून घेतले.

मी तेव्हा चार महिने त्याच्याकडेच मुक्कामाला जाणार होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, तू जन्मभर कारखान्यात मापंच घेतलीस ना? मग एक तर त्याला ती सायकल सोडायला लाव, नाही तर त्याच्या मापाची घेऊन दे. मला पुन्हा दवाखान्यातला फोन नको."

सायकल सोडायला तो तयार नव्हता. तेव्हा दुसराच मार्ग उरला. तिकडे अशा सायकलीला चार-पाच हजार डॉलर सहज पडतात. त्याने त्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. एवढी रक्कम घालून पुन्हा चुकीचे माप घरात आणणे आम्हां दोघांनाही परवडणारे नव्हते.

या सायकलींचा जन्म तसा अलीकडचाच. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्याची शर्यत सुरू केली. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. त्या सायकलींना धक्के शोषणारे काहीही नव्हते. पुढे १९८९ साली रॉकशॉक्स कंपनीचा पहिला दबणारा चिमटा आला. तो जेमतेम दोन इंच दबत असे. आज पुढचे आणि मागचे अशी दोन्ही चाके दबणाऱ्या सायकली सर्रास मिळतात. चाक जेवढे वर दबू शकते त्या अंतराला 'ट्रॅव्हल' म्हणतात. साध्या रानवाटांना १०० ते १२० मिलिमीटर पुरतात, खडबडीत वाटांना १३० ते १५०. उभ्या, दगडी उतारांसाठी १६० ते १८० लागतात आणि निव्वळ उताराच्या शर्यतींसाठी २००च्या आसपास. भाच्याच्या डोंगरांना मागे १६० व पुढे १७० हे माप योग्य, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो चौकटीचा.

दुकानदार मोठा आर्जवी होता. "तुम्ही उंच आहात ना? मग एक्स्ट्रा लार्ज घ्या," असे म्हणून त्याने सायकल पुढे केली. पण एका कंपनीचा 'एक्स्ट्रा लार्ज' दुसऱ्या कंपनीच्या 'लार्ज'एवढा असू शकतो. तेव्हा अक्षरे वाचायची नाहीत, आकडे वाचायचे, असे मी ठरवले आणि खिशातून टेप काढला.

पहिले माप स्वाराचे. अनवाणी भिंतीशी उभे राहायचे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. भाच्याचे माप आले ९४ सेंटिमीटर. याला ०.८८३ने गुणले की पायडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. त्याची आली ८३ सेंटिमीटर. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून होते.

दुसरे माप चौकटीचे. पायडलांच्या आसातून उभी रेघ काढली, तर तिथपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंत आडवे अंतर किती, त्याला 'रीच' म्हणतात आणि उभे अंतर किती, त्याला 'स्टॅक'. उतारावर स्वार सीटवर बसतच नाही, पायडलांवर उभा असतो. म्हणून त्याला जागा मिळते ती या रीचमध्ये. भाच्याच्या जुन्या सायकलीचा रीच होता ४३५ मिलिमीटर. एवढा उंच माणूस एवढ्या जागेत उभा राहिला, की त्याची छाती हँडलच्या पुढे जाते. मग पुढचे चाक दगडाला अडले की सायकल थांबते आणि स्वार पुढे जातो. गळपट्टीच्या हाडाचे कोडे मला तिथेच उलगडले. त्याच्या उंचीला रीच ५१० ते ५३० आणि स्टॅक ६५०च्या वर हवा होता.

येथे एक बारकावा आहे. हँडल खाली वाटले तर लोक त्याखाली कड्या घालून ते वर उचलतात. पण ही नळी तिरपी असते. ६४ अंशांच्या तिरपेपणावर ३० मिलिमीटरच्या कड्या घातल्या, तर हँडल सुमारे १३ मिलिमीटर मागेही येते. म्हणजे पैसे मोजून घेतलेला रीच कड्यांत गेला! त्यापेक्षा मुळातच वर वळलेले हँडल बसवावे.

तिसरे माप सीटच्या नळीच्या कोनाचे. यात उंच माणूस हमखास फसतो. कंपनीच्या पत्रकात ७७ अंश असे छापलेले असते. पण तो कोन साधारण हँडलच्या पातळीवर मोजलेला असतो. प्रत्यक्ष नळी बहुधा त्याहून जास्त कललेली असते. उदाहरणार्थ ७१ अंश. बुटक्या माणसाची सीट त्या पातळीच्या आसपासच राहते, म्हणून त्याला फरक जाणवत नाही. आमच्या उंटाची सीट आणखी १६ सेंटिमीटर वर जाणार. नळीच्या कलाप्रमाणे ती वर जाता जाता जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त मागे सरकते. मग चढावर सारा भार मागच्या चाकावर येतो आणि पुढचे चाक हवेत उचलले जाते. म्हणून नळीचा खरा कोन विचारावा, आणि तो जितका उभा तितका चांगला.

चौथे माप मागच्या भागाचे, पायडलांच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत. पुष्कळ कंपन्या हे अंतर सर्व मापांत एकच ठेवतात, समजा ४३५ मिलिमीटर. पुढचा भाग वाढला आणि मागचा तसाच राहिला, की सायकलीचा तोल थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखा बिघडतो. नॉर्को, सांता क्रूझ, फॉरबिडन अशा काही कंपन्या मापाप्रमाणे मागचा भागही वाढवतात. उंच माणसाने ४४५ ते ४५५च्या आसपासचे माप शोधावे.

चाकांबद्दल मात्र काळ उंच माणसाच्या बाजूने आहे. पूर्वी २६ इंची चाके असत, आता २९ इंची आली आहेत. दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार हा सहा फुटांवर तीनेक इंच उंच असलेला शर्यतवीर. २०१७ साली स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमची विश्वचषकाची उतार-शर्यत त्याने २९ इंची चाकांवर जिंकली आणि पुढे २०२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, चौथ्यांदा जगज्जेता झाला. उंची ही या खेळात अडचण नव्हे, मापाची सायकल नसणे ही अडचण, याचा याहून चांगला दाखला कोणता?

पुढची गोष्ट सीटच्या दांड्याची. आता हँडलवरचा खटका दाबताच खाली जाणारे दांडे मिळतात. चढावर सीट वर, उतारावर खाली. भाच्याच्या जुन्या सायकलीला असा दांडा नव्हता. त्यामुळे उतारावरही ती सीट ८३ सेंटिमीटरवर उभीच, आणि शरीर मागे न्यायला वाव नाही. उंच माणसाने २०० मिलिमीटरपेक्षा कमी खाली जाणारा दांडा घेऊच नये. २४० मिलिमीटरचेही मिळतात. मात्र तो चौकटीच्या नळीत पुरता उतरतो का, हे दुकानातच पाहावे.

आता वजन. उंच माणूस सडपातळ असला तरी हलका नसतो. भाचा पाठपिशवी आणि शिरस्त्राणासह १०० किलो भरतो. स्वार नुसता बसला की मागचा शॉक एकूण चालीच्या ३० टक्क्यांच्या आसपास दबला पाहिजे. ६५ मिलिमीटर चालीच्या शॉकमध्ये ते झाले साडेएकोणीस. शॉकवरची रबरी कडी सरकवून हे घरी पट्टीने मोजता येते. चाक १६५ मिलिमीटर आणि शॉक ६५ दबत असेल, तर प्रमाण अडीचपट. हे प्रमाण जितके कमी, तितकी हवा कमी भरावी लागते. जड माणसाने जास्त प्रमाणाची चौकट घेतली, तर पंपाचा काटा कंपनीच्या मर्यादेला जाऊन टेकतो.

आणि ब्रेक! १०० किलोचा स्वार आणि १६ किलोची सायकल ३०० मीटर उंचीवरून खाली आली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात लिटरभर पाणी उकळायला येईल. त्यातली थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते, बाकीची ब्रेकलाच सोसावी लागते. म्हणून चार पिस्टनांचे ब्रेक आणि निदान २०० मिलिमीटरच्या डिस्क, पुढची २२० असल्यास उत्तम.

ही वही घेऊन आम्ही तीन आठवडे हिंडलो. पाच सायकली आकड्यांतच बाद झाल्या. उरलेल्या दोन, दुकानाच्या परवानगीने, डोंगरावर नेऊन पाहिल्या. दुकानासमोरच्या सपाट जागेत सगळ्याच सायकली गोड वाटतात, म्हणून हा आग्रह. पहिली चढावर पुढून उचलत होती. दुसरीवरून भाचा उतरला तो हेल्मेट न काढताच म्हणाला, "मामा, पहिल्यांदाच मी सायकलीच्या वर नाही, सायकलीच्या आत उभा आहे असं वाटलं!" ती आदल्या वर्षीची असल्याने सवलतीत मिळाली. कंपनीचे नाव सांगत नाही. फुकट जाहिरात नको, आणि तुमच्या पायांचे मापही वेगळे असणार. सवलतीतून उरलेल्या पैशांत मी त्याला गुडघ्यांचे व कोपरांचे संरक्षक कवच आणि हनुवटी झाकणारे हेल्मेट घ्यायला लावले. ही ताईची अट नव्हती, माझी होती.

सायकल नीट मापाची असली म्हणजे माणूस पडत नाही, असे नव्हे. त्या मोसमात तो दोनदा पडलाच. पण दोन्ही वेळा बाजूला पडला, पुढे फेकला गेला नाही, आणि दोन्ही वेळा उठून तीच सायकल चालवत घरी आला. पूर्वी संध्याकाळी कंबर धरून बसणारा मुलगा आता जेवून भांडी घासतो. ताईने फोनवर एवढेच विचारले, "दुसरी वाढवून घेतलीस का रे चौकट? म्हणजे आखूड तर नाही ना?" हजारो मैलांवरूनही आईच्या डोळ्यांना माप दिसते.

आपल्याकडे प्रत्येकाला १६० मिलिमीटरची सायकल हवी असे मुळीच नाही. सिंहगडाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांना नुसता पुढचा चिमटा दबणारी सायकलही पुष्कळ होते. पण मुलगा वा मुलगी उंच असेल, तर शाळेची सायकल घेतानाही टेप बरोबर न्या. सीट शेवटच्या खुणेपर्यंत ओढून भागवू नका. रंग, नाव आणि गिअर हे सारे नंतर बघता येते. मुलाचे पाय आणि त्याचे हात किती लांब आहेत, हे मात्र आधी मोजून घ्यावे. उंची देवाने दिली. तिला साजेल अशी सायकल शोधण्याचे काम त्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडे सोपवले आहे.