आईला घेऊन सासपोलच्या लेण्यात : लडाखच्या वाळवंटातली एक चढण

लडाख म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे बुलेट, पँगाँगचं निळं पाणी आणि खार्दुंग ला येतो. गाडीला पंचशील ध्वज लावून लेहपर्यंत जाऊन आलेले मित्र माझ्याही ओळखीत आहेत. पण घरातली माणसं मागेच राहतात. "आई, तुला नाही झेपायचं" असं म्हणून आपण निघतो आणि परत आल्यावर तिला मोबाईलवर फोटो दाखवतो. वस्तीतल्या विहारात पोरांना वंदना शिकवण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिच्या वाट्याला फक्त फोटो यावेत हे मला पटत नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा आईला आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो, आणि फसलो. टूरवाल्याने कार्यक्रम असा आखला होता : पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी सकाळी खार्दुंग ला. लेह ३५०० मीटरवर आहे. तिथल्या हवेत आपल्याला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. खिंड तर ५३०० मीटरच्याही वर आहे. आईचं डोकं रात्रीच दुखायला लागलं होतं, पण "सगळ्यांचा खोळंबा नको" म्हणून ती बोलली नाही. वाटेत तिला उलट्या सुरू झाल्या. गाडी वळवली, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, आणि उरलेले दिवस ती खोलीवर झोपून होती. चूक तिच्या वयाची नव्हती, कार्यक्रमाची होती. आणि तो न तपासता पैसे भरणाऱ्या माझीही होती.

दुसऱ्या खेपेला नियोजन उलट्या बाजूने केलं. आधी ठरवलं की आईला लेणी दाखवायची, मग तिला सोसेल अशी जागा शोधली. ती जागा म्हणजे सासपोल.

लेहपासून कारगिलच्या रस्त्याने साधारण ६० किलोमीटरवर, सिंधूच्या खोऱ्यात हे गाव आहे. उंची सुमारे ३१०० मीटर, म्हणजे लेहपेक्षा कमी. लडाख हे थंड वाळवंट आहे. वर्षभराचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, आपल्याकडे जुलैत एका दिवसात पडून जातो तेवढा. त्यामुळे सगळा डोंगर उघडा आणि मातकट, आणि त्यात जिथे पाणी पोहोचतं तेवढाच हिरवा पट्टा. सासपोल अशाच पट्ट्यात आहे : सातूची शेतं, जर्दाळूची झाडं, आणि गावाच्या वर कड्यात कोरलेल्या काही छोट्या गुहा. कड्याच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. गुहांमधली भित्तिचित्रं साधारण पंधराव्या शतकातली मानली जातात. गावातून धडधाकट माणूस अर्ध्या तासात वर पोहोचतो. आम्हाला तासाच्या वर लागला, आणि तसाच लागायला हवा होता.

उंचीची सवय हा यातला खरा मुद्दा आहे, म्हणून तो नीट सांगतो. विमानाने गेलात तर लेहमध्ये थांबण्याऐवजी त्याच दिवशी गाडी करून सासपोल किंवा शेजारच्या आल्चीत मुक्कामाला या. दीड-दोन तासांचा रस्ता आहे, वाटेत मोठी खिंड नाही, आणि पहिली रात्र कमी उंचीवर जाते. पुढचे दोन दिवस काही करायचं नाही. खायचं, पाणी प्यायचं, गावातल्या पायवाटांवर रमतगमत फिरायचं. वेळ असेल तर श्रीनगरहून रस्त्याने येणं आणखी बरं, कारण शरीराला उंचीची ओळख हळूहळू होते. वाटेत फोटू ला ही ४१०० मीटरची खिंड लागते, पण ती ओलांडून आपण खाली उतरतो. आणि सासपोल लेहच्या आधीच येतं.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर वर चढायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. घरातल्या बायका त्रास सांगत नाहीत. म्हणून रोज सकाळी प्रत्येकाला स्पष्ट विचारायचं, मुलांनासुद्धा. हृदयविकार, दमा, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. उंचीसाठीची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. अगदी तान्ह्या बाळाला घेऊन हा प्रवास करू नये, असं माझं मत आहे.

चढणीच्या दिवशी आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. दहानंतर ऊन भाजून काढतं. हवा गार असल्यामुळे ते कळत नाही, आणि संध्याकाळी नाकाची कातडी निघालेली असते. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, धूळ उडते. माणशी दीड लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, मोठ्या काठाची टोपी, गॉगल, अंगभर सुती कपडे आणि वर एक जाकीट एवढं पुरतं. चपला अजिबात नकोत. वाट मुरमाची आहे, पाय सरकतो. आईच्या हातात काठी होती, मुलगी माझ्या पुढे, आणि कठीण जागी मुलीचा हात धरायचा हे आधीच ठरलेलं. एवढं एवढं चालून बसायचं. मुलीने दगड मोजायचा खेळ काढला, आईने दर थांब्यावर एक सुत्त म्हटलं.

वर गेल्यावर कार्ले-भाज्यासारखं काही दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. आपली लेणी कठीण बेसॉल्टमध्ये घडवलेली आहेत. इथला कडा ठिसूळ, मातीत गुंतलेल्या गोट्यांचा आहे. दार लहान, आत काळोख. डोळे सरावले की मात्र भिंती बोलायला लागतात. तळापासून छतापर्यंत चित्रंच चित्रं : रांगेने बसलेले बुद्ध, बोधिसत्त्व, तारा, आचार्य, काही उग्र रूपं. बारीक काम, लाल-निळा रंग अजून ताजा. आम्ही किती वेळ बसलो कुणी पाहिलं नाही.

इथेच आपल्याकडची एक अडचण उभी राहते. मुलीने विचारलं, "इतके हात असलेला हा देव कोण?" बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाला काय सांगायचं? "हे आपलं नाही" म्हणून मोकळे होणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत. मला ते चुकीचं वाटतं. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, औरंगाबादच्या लेण्यांत तारा आहे. म्हणजे ही वाट आपल्या सह्याद्रीतूनही गेली आहे. मी मुलीला सांगितलं, हा देव नाही, करुणेचं चित्र आहे. मदतीला जितके हात लागतात तितके चितारले आहेत. तिला पटलं. आईने फक्त "सगळ्यांचं दुःख बघायला डोळेही तितकेच लागतील की" असं म्हणून हात जोडले. बाबासाहेबांच्या धम्माशी या चित्रांचं नातं काय, यावर वाद जरूर घालू या. पण आधी पाहून.

लेणी संवर्धनाचं काम करणाऱ्या मित्रांना एक विनंती. आपल्याकडे शंभर जण एकत्र जातात, घोषणा होतात, सामूहिक वंदना होते. लेण्यांवरचा हक्क सांगायला त्याची तिथे गरज आहे. सासपोलला ती नाही. ही लेणी गावाची आहेत, गावाला कुणापासून सोडवून घ्यायची नाहीत. आत एका वेळी आठ-दहा माणसं पुरे, कारण रंग मातीच्या गिलाव्यावर आहे. श्वासाची ओल, भिंतीला टेकलेली पाठ, कुतूहलाने लावलेलं बोट, सगळंच त्याला बाधतं. अगरबत्ती, मेणबत्ती नको. फ्लॅश नको. वंदना हळू आवाजात. वर जाण्याआधी ज्या घरी उतरला असाल तिथे विचारून घ्या, लेणी उघडी आहेत का, सोबत कोण येईल का. चोर्तेन किंवा मणी-भिंत लागली तर ती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जा. आणि पाऊस पडत असेल तर जाऊच नका. या उघड्या डोंगरांना पाऊस सोसत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक माणसं गेली.

जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये जर्दाळू पिकतात, मुलांना तेवढं पुरतं. हॉटेलपेक्षा गावातल्या घरी राहा. घरांत कोरडा संडास असतो, पाण्याऐवजी माती टाकायची. मुलांना आणि आजीला हे निघण्याआधीच समजावून सांगा, नाहीतर पहिल्या दिवशी रडारड. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, घरात एक तरी पोस्टपेड हवं. रोख पैसे लेहमधूनच घेऊन ठेवा. एक दिवस आल्चीसाठी राखा. तिथल्या तीनमजली मंदिरातले अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री मान वर करूनच पाहावे लागतात, आणि तिथे चढण नाही.

उतरताना आम्हाला जास्त वेळ लागला. गुडघ्यांवर भार येतो आणि मुरूम घसरतो, तेव्हा आईने दोन ठिकाणी सरळ बसून घसरत उतरणं पसंत केलं. खाली शेतात एक आजीबाई पाणी वळवत होत्या. आई म्हणाली, "नमो बुद्धाय." त्या म्हणाल्या, "जुले." मग दोघी बांधावर बसल्या, एकमेकींची भाषा न समजता बराच वेळ बोलत राहिल्या, आणि निघताना आईच्या पदरात ओंजळभर जर्दाळू होते.